आडव्या बाटल्यांचं गाव

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुठंही सांगते, एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही सांगते. पदवीनं मला नोकरी दिली, दिग्रसच्या एका कॉलेजात ग्रंथालय सहायकाची, आणि नोकरीनं रजा दिली. रजा ही चीज आमच्या घरात त्याआधी कोणी पाहिलेली नव्हती. माझ्या आईबाबांच्या हिशोबात माणूस गाव सोडतो तो लग्नाला, मयतीला, नाहीतर दसऱ्याला नागपूरला. दीक्षाभूमीला जायचं तर भाकऱ्या बांधायच्या आणि निघायचं, त्याला कोणी सहल म्हणत नाही. काही कारण नसताना, कोणी मेलं नसताना, कोणाचं लग्न नसताना उठून दुसऱ्या जिल्ह्यात जायचं आणि तिथं नुसतं बसायचं, ही कल्पना मला कॉलेजात आल्यावर कळली. आवडलीही.

ग्रंथालयात येणाऱ्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत मी ते वाचलं. शरद ऋतूत चला द्राक्षांच्या गावी. खाली नाशिककडचा फोटो. टेकडी, तळं, लाकडी टेबल, टेबलावर दोन काचेचे उंच ग्लास आणि त्यांच्यापलीकडं मावळता सूर्य. मी दारूचा थेंब कधी चाखलेला नाही. पण लोक ज्याच्यासाठी रजा टाकून जातात ते आहे तरी काय, हे बघायचा मला माझ्या मते पूर्ण हक्क होता. पुरवणी मी घरी आणली.

माझे यजमान एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत. त्यांना कुठल्याही जागेचं नाव सांगितलं की आधी तिथं जाणारी गाडी दिसते, जागा मागाहून. त्यांनी पुरवणी वाचलीच नाही, फोटोखालचं गावाचं नाव तेवढं बघितलं आणि डोळे मिटून गाड्या लावायला लागले. दिग्रसहून वाशीम, वाशीमहून मेहकर, मेहकरहून पुढं. मी म्हटलं, अशा ठिकाणी लोक कारनं जातात. त्यांचं उत्तर सरळ होतं. पास असताना कारनं जाणाऱ्या माणसाला एसटीत राहायचा अधिकार नाही. तेव्हा वाइनच्या गावाला आम्ही लाल डब्यानं जायचं ठरलं, दसरा आणि दिवाळीच्या मधल्या आठवड्यात. त्यांची एकच अट होती, माझ्या माहेरी यातलं अक्षर कळता कामा नये.

अट रास्त होती. माहेर माझं दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या अलीकडं. गावात शाळेच्या रस्त्यावर देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं आणि ते बंद करायला निघालेल्या बायांची अध्यक्ष होती माझी आई. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, त्या दुकानातून घरी यायला निघाला आणि दुसऱ्या दिवशी नाल्यात सापडला. आई त्यावर भाषण करत नाही. ती फक्त त्या रस्त्यानं जाणं टाळत नाही, मुद्दाम त्याच रस्त्यानं जाते.

आमच्याकडं दुकान बंद करायचं तर बायांचं मतदान होतं. कागदावर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी, एक आडवी. दुकान राहू द्यायचं असेल तर उभीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडवीवर. गावात जेवढ्या बाया मतदार आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडले पाहिजेत. न आलेली बाई दुकानाच्या बाजूनंच मोजली जाते म्हणा ना. मागच्या खेपेला मतदान नेमकं सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत आलं, निम्म्या बाया वावरात होत्या आणि आईची बाटली उभीच राहिली. या वर्षी तिनं पुन्हा सह्या, अंगठे गोळा केले होते. ती मला म्हणाली होती, "आता नाई झालं तं बाया मले पुन्हा दारात उभ्या करत नाईत." म्हणजे हे शेवटचं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

अशा बाईच्या लेकीनं वाइन प्यायला नाशिकला जायचं, तेही मतदानाच्या तोंडावर. मी सुशिक्षित आहे पण अक्कल गहाण ठेवलेली नाही. गप्प राहायचं मला पटलं.

मग आमची तयारी सुरू झाली. पुरवणीत लिहिलं होतं की वाइन पाण्यासारखी प्यायची नसते. ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि जाणकार असाल तर थुंकून टाकायचा. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. यजमानांनी पुन्हा वाचायला लावलं.

"पैसे देऊन थुंकाचं?" ते म्हणाले. "मंग त्याच्यात आन खर्र्यात फरक काय राह्यला?"

खर्रा म्हणजे आमच्याकडची सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली पुडी. तो खाऊन थुंकणाऱ्यांना ते स्टँडवर रोज ओरडतात. आता त्यांनाच दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पाहुण्यासारखं थुंकायचं होतं, हे त्यांच्या मनाला लागलं. तरी सराव करायला तयार झाले. सरावाला वाइन कुठून आणायची? औषधाच्या दुकानात द्राक्षासव मिळतं, भूक लागावी म्हणून म्हातारे घेतात ते. द्राक्षांचंच असतं. एक बाटली आणली. काचेचे उंच ग्लास आमच्याकडं नव्हते, तेव्हा स्टीलचे घेतले. स्टीलच्या ग्लासात आत काय फिरतंय ते दिसत नाही, आपण फिरवतोय एवढं कळतं.

मी नाशिकच्या त्या जागेला फोनही केला. एक मुलगी फारच गोड बोलली. ती म्हणाली की मॅम, जरूर या, पण आत्ता आमच्याकडं छाटणी सुरू असते, त्यामुळं वेली मोकळ्या दिसतील, द्राक्षं नसतील. मी विचारलं, मग शरद ऋतूत चला असं का लिहिलंय. तिला माहीत नव्हतं. मला नंतर कळलं, परदेशात शरदात द्राक्षं तोडतात आणि आपल्याकडं तेव्हा वेली छाटतात. पुरवणीत लिहिणाऱ्यानं ऋतू तिकडचा घेतला होता आणि गाव इकडचं.

एका सकाळी आम्ही स्वयंपाकघरात उभे राहून ग्लास फिरवत होतो. यजमानांचं नाक ग्लासात होतं. दारात आई.

ती पहिल्या गाडीनं आली होती, दिग्रसमध्ये प्रचाराचं फ्लेक्स छापायचं होतं म्हणून. तिनं जावयाकडं पाहिलं, ओट्यावरची बाटली पाहिली. "जवाईबापूले भूक लागत नाई का व?" तिनं मला विचारलं. यजमान नाही म्हणाले, म्हणजे हो म्हणाले, आणि डेपोत काम असल्याचं सांगून निघून गेले. त्यांची त्या दिवशी सुट्टी होती.

आई चहा घ्यायला बसली. टेबलावर पुरवणी उघडी पडलेली. ती मी उचलायच्या आत तिच्या हातात गेली होती. पहिल्या पानावर टेकडी आणि तळं, त्याकडं तिनं लक्ष दिलं नाही. आतल्या पानावर तळघराचा मोठा फोटो होता. दगडी भिंती, पिवळा उजेड आणि छतापर्यंत बाटल्या. रांगाच रांगा. आणि ती प्रत्येक बाटली आडवी.

आई किती वेळ त्या फोटोकडं बघत राहिली. चहावर साय आली.

"हे कोनतं गाव व?"

"नाशिककडचं."

"तिथल्या बायांनी केल्या आडव्या?"

"बायांनी नाई आई. तशाच ठेवतेत तिथं. तो कारखाना हाय, द्राक्षाच्या दारूचा."

"भरेल हायेत बाटल्या?"

"हाव."

"भरेल बाटली आडवी केली तं सांडते."

"बूच असते. ते ओलं राहावं म्हून आडवी ठेवतेत."

"मंग पेतेत कवा?"

"लगेच नाई पेत. जुनी होऊ देतेत."

"किती जुनी?"

"वर्षं न् वर्षं."

"वर्षं न् वर्षं कोनी हात लावत नाई?"

"नाई. कुलूप असते."

आईनं पुरवणी मांडीवर ठेवली. "मंग बंदच झाली न व," ती म्हणाली.

मी बी.ए. आहे, त्यानंतर ग्रंथालय शास्त्र केलं आहे. मी तिला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. द्राक्षं, रस, आंबवणं, पिंप, बाटली, बूच. मी खोटं एक अक्षर सांगितलं नाही, आणि माझ्या प्रत्येक खऱ्या उत्तरानं तिची खात्री वाढत गेली. दारू होती, बाया नाहीत तर कोणीतरी शहाण्या माणसांनी ती आडवी केली, वर कुलूप लावलं आणि वर्षानुवर्षं तिला कोणी शिवत नाही. आणखी दारूबंदी ती काय असते? शेवटी मी म्हटलं, आई, आम्ही तिथंच चाललो आहोत, सहलीला, आणि मी तिथं एक घोट घेऊन पाहणार आहे. लपवायचं म्हणजे किती लपवायचं.

"घेजो," ती म्हणाली. "तू कमावतं. मतदान होऊ दे, मंग घेजो." आणि तो फोटो मोबाइलवर काढून तिच्या बचत गटाच्या फोनवर टाकायला सांगितला.

मी टाकला. आईनं मागितलेला फोटो न टाकण्याइतकं शिक्षण माझं झालेलं नाही.

चार दिवसांनी यजमान ड्यूटीवरून आले ते चपला न काढता उभे राहिले. दारव्ह्याकडून आलेल्या एका वाहकानं त्यांना सांगितलं होतं. माझ्या माहेरच्या चौकात, एसटी थांब्यासमोर, मोठं फ्लेक्स लागलं होतं. एका कोपऱ्यात हात जोडलेली आई, दुसऱ्या कोपऱ्यात छापणाऱ्यानं शोभेसाठी आपल्या मनानं टाकलेला द्राक्षांचा घड, आणि मध्ये आमचं तळघर. खाली मोठ्या अक्षरांत: हे पहा नाशिक. येथे सर्व बाटल्या आडव्या. आपल्या गावात का नाही?

"तुह्या मायनं आपली सहल चौकात लावली," ते म्हणाले.

त्यातलं एक वाक्य खोटं असतं तर मी जाऊन फ्लेक्स उतरवून आणलं असतं. पण होतं सगळं खरं.

वर्षावास चालू होता. त्या तीन महिन्यांत आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि वाचन झालं की आईची सभा. मी शनिवारी गावाला गेले तेव्हा विहारात बसायला जागा नव्हती. एरवी आमच्याच वस्तीतल्या बाया असतात, त्या दिवशी पाटलांच्या घरच्या, तेल्यांच्या घरच्या, तांड्यावरच्या सगळ्या येऊन बसल्या होत्या. विषय मतदानाचा होता, पण बोलणं नाशिकचं चाललं होतं. तिथं केलं तर इथं काहून नाही, हे पहिल्यांदा बायांना पटलं होतं. कोणीतरी कुठंतरी जिंकलेलं आहे, हे त्यांनी आजवर फोटोत पाहिलेलंच नव्हतं. आणि पटल्यावर त्यांचं दुसरं म्हणणं आलं, की ते गाव डोळ्यांनी पाहायचं. अभ्यास दौरा काढा. शेतकरी माणसं दरसाल अभ्यास दौऱ्याच्या नावाखाली ठिबक सिंचन पाहायला जातात आणि महाबळेश्वर करून येतात, मग बायांनीच काय केलं?

आईनं माझ्याकडं बोट केलं. "पोरगी जाऊनच राह्यली. तिच्या संगं जाऊ."

त्या क्षणी आमची दोन माणसांची सहल संपली. कोणी म्हणालं, नाशिकला जायचंच तर लेणी पाहू. कोणी म्हणालं, वाटेत येवला लागतं, धर्मांतराची घोषणा झाली ते ठिकाण, तिथं माथा टेकल्याशिवाय पुढं जायचं नाही. पाटलीणबाईंना वणीची देवी हवी होती आणि शिर्डी टाळून आलो तर घरचे विचारतील, असंही त्यांचं म्हणणं होतं. तांड्यावरच्या एका आजीला समुद्र पाहायचा होता. नाशिकला समुद्र नाही हे तिला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मग तू शिकून केलं काय. यजमानांकडं करारावरची एसटी काढायचं काम आलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मात्र मार्ग लिहून आणला. समुद्र सोडून सगळं बसवलं होतं.

बाबा एवढे दिवस या सगळ्यात काही बोलले नव्हते. त्यांना फक्त द्राक्षं कशी असतात ते पाहायचं होतं, झाडाला लागलेली. मी सांगितलं की आत्ता नुसती छाटणी चालू आहे, काड्या असतील. ते कापसाच्या वावरातून आले होते, पाय धूत होते.

"काड्या पाहाले नाशिकले?" ते म्हणाले. "धुऱ्यावर पऱ्हाट्या काय कमी हायेत माह्या?"

कापूस वेचून झाल्यावर जी काटकं राहतात त्या पऱ्हाट्या, मागच्या सालच्या अजून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचलेल्या होत्या. बाबा आले नाहीत.

मी नाशिकला पुन्हा फोन केला. त्याच मुलीला म्हटलं की आता आम्ही दोघं नाही, ग्रुप आहे, बसभर बाया. ती खूश झाली. विचारलं, कोणत्या संस्थेचा ग्रुप. मी म्हटलं, दारूबंदीचा. ती म्हणाली, "मॅम, दारूबंदी ही कुठली कंपनी?" मी म्हटलं, जुनी कंपनी आहे, आमच्याकडं यवतमाळ जिल्ह्यात फार चालते.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग दुकानदार घरी आला.

दुकानदार गावातलाच. माझ्याहून थोडा मोठा, शाळेत मला पुढच्या बाकावरून पेन्सिलींना टोक काढून द्यायचा. आईला मामी म्हणतो. वाईट माणूस नाही, आणि हेच अवघड होतं. आई विहारात गेली होती. त्यानं बाबांच्या खाटेवर बसून माझ्या हातचा चहा घेतला.

"ताई, तुमी शिकेल हा," तो म्हणाला. "तो फोटो वायनरीचा हाय. मी गेलतो तठी, लायसनवाल्यायच्या टूरवर. मामी भोळी हाय, बायायले काय मालूम. पन उद्याच्या सभेत मले सांगनं भाग हाय. माह्या पोटाचा सवाल हाय."

मी त्याला सांगू नको म्हणू शकत नव्हते. त्याचं म्हणणं खरं होतं. आणि पुढचं मला आपोआप दिसत होतं. ज्या फोटोनं बाया गोळा झाल्या तो दारूच्या कारखान्याचा, अध्यक्षीणबाईंची लेक तिथं प्यायला चालली होती, आणि बाया ज्या दौऱ्यासाठी पातळं काढून ठेवत होत्या तो दारूच्या गावाचा. एकदा बाया हसल्या की संपलं. मतदानाला हसणारी बाई येत नाही.

आई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती कुंच्यानं अंगण झाडत होती, तिचं झाडणं थांबलं नाही. "सांगू दे," एवढंच म्हणाली.

शेवटची सभा चौकात होती, फ्लेक्सच्या खाली. गडीमाणसंही आली होती, पारावर बसून. आईचं बोलणं झाल्यावर दुकानदार उठला, हात जोडले, आणि त्यानं सांगितलं. सभ्यपणे सांगितलं. हा फोटो दारूच्या कारखान्याचा आहे, बाटल्या बंदीमुळं नाही, बूच ओलं राहावं म्हणून आडव्या ठेवतात, आणि मामीची फसगत झाली आहे. पारावर हशा झाला. बायांमध्ये कुजबुज. माझे यजमान माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी हळूच विचारलं की शेवटची गाडी किती वाजता आहे. त्यांना ती पाठ होती.

आईनं दुकानदाराला बस म्हटलं नाही. उलट विचारलं, "तू गेलतं तठी?"

"हाव मामी."

"सोताच्या डोयानं पाह्यलं?"

"हाव न."

"किती दिवस पडून राहतेत त्या बाटल्या?"

तो धंद्यातला माणूस, त्याला त्या मालाचा अभिमान वाटला असावा. "चांगला माल असला तं धा-धा वर्षं," तो म्हणाला. "जितका जुना तितका भारी. कोनाले हात लावू देत नाईत, मामी. मले बी दुरून दाखोला."

"मंग तुह्या दुकानातला बी आडवा ठेव न बापू," आई म्हणाली. "आमचं कवा म्हननं हाय का फेकून दे. भरेल राहू दे. बूच ओलं राहू दे. कुलूप लाव. फकस्त धा वर्षं कोनाले हात लावू देऊ नोको. मी मतदान बी घेत नाई, इथंच सोडतो."

आधी पारावरचे हसले. मग बाया. तांड्यावरची आजी म्हणाली, दहा नको, बारा वर्षं ठेव, भारी होईल. दुकानदारही हसला, त्याला दुसरं काही करता येईना. तो खाली बसला आणि त्याच्या शेजारच्या माणसानं त्याच्या पाठीवर थाप मारली, तीही सांत्वनाची.

घरी येताना मी आईला विचारलं, तुला हे कधी कळलं होतं.

"तू सांगतलं तवाच," ती म्हणाली. "पन फोटो चांगला होता व."

मतदानाची तारीख आली ती नेमकी आमच्या सहलीच्या दिवसांत, तेव्हा सहल पुढं गेली, आणि कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली. माझं नाव लग्नानंतर दिग्रसच्या यादीत, तेव्हा मला शाळेच्या फाटकाबाहेर आईसोबत निंबाखाली बसण्याशिवाय काम नव्हतं. प्रचार संपलेला, कोणाशी बोलायचं नाही. आई हात मांडीत घेऊन बसली होती. बाया येत होत्या. सकाळी थोड्या, मग वावरातून, कापूस वेचायला कमरेला बांधलेल्या ओट्यांसकट. ओट्यात कापूस तसाच, काही जणी शिक्का मारून परत वेचायला पळत होत्या. ते पाहून मला बरं वाटत होतं, तेवढ्यात आमच्या वस्तीतली एक म्हातारी बाहेर आली आणि आईला खूण करून हातानंच दाखवायला लागली, आपण कसा शिक्का मारला ते. तिनं कागद घेतला असा, मग फिरवला असा, आणि मारला.

आईचा चेहरा उतरला. कागद आडवा धरला की उभी बाटली आडवी होते आणि आडवी उभी. गावभर बाटलीचं सांगितलं, कागद कसा धरायचा हे कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आता सांगायची बंदी. पुढचा अख्खा दिवस आम्ही निंबाखाली बसून बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातांकडं पाहत होतो, तिनं काय फिरवलं आणि काय नाही. काही हात उभे होते, काही आडवे. एकीनं तर सरळ स्वयंपाकाचं काहीतरी दाखवलं. आईनं एकदाच तोंड उघडलं. मामाचं नाव घेऊन म्हणाली, "त्याच्यासाठी येवढं केलं, ते बी वाया गेलं आता." मी तिचा हात धरला. 

मोजणी शाळेतच झाली. निकाल सांगायला साहेब व्हरांड्यात आले तेव्हा बाया मागं वावरापर्यंत उभ्या होत्या. आडवी निम्म्याच्या वर गेली होती. फार वर नाही, पण वर. म्हातारीनं कागद नक्की कसा धरला ते आम्हाला आजही सांगता येत नाही. तिला विचारलं की ती दर वेळी वेगळं दाखवते.

आई रडली नाही. शाळेच्या रस्त्यानं घरी गेली, बाकी सगळ्या तिच्या मागं. दुकानाच्या पायरीवर ती थोडी थांबली, दुकानदार आत सामान आवरत होता. त्यानं विचारलं, "मामी, आता मी काय करू?" आईनं सांगितलं की उद्या घरी ये, बसून बोलू. आता तो तिथंच खताचं दुकान चालवतो. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी बाया आमच्या अंगणात. दौरा ठरला होता तो ठरला होता. आता सगळ्यांना माहीत होतं की ते दारूचं गाव आहे, आणि तरी एकीनंही नाव मागं घेतलं नाही. उलट आदल्या दिवशी नाही म्हणणाऱ्या दोघी वाढल्या. मी त्यांच्यासमोरच नाशिकला फोन लावला, स्पीकरवर. मुलीनं तारीख घेतली, माणसं घेतली, आणि विचारलं की टेस्टिंग किती जणांचं ठेवू, म्हणजे चव घेणारे किती. मी माझं सांगणार होते. आईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"चव आमी लई वर्षं घेतली बाई," आई तिला म्हणाली. "आता फकस्त पाहाचं हाय."

 त्या मुलीनं खालच्या आवाजात विचारलं, जेवण व्हेज ठेवू की नॉनव्हेज. आईनं फोनवर हात ठेवला आणि अंगणाला विचारलं. पाटलीणबाई म्हणाल्या, देवीला जायचंय, व्हेज. आमच्या वस्तीतल्या म्हणाल्या, देवी दुसऱ्या दिवशी आहे. तांड्यावरच्या आजीनं विचारलं, मासे असतील का, नाहीतर समुद्र कशाला. माझे यजमान मार्गाचा कागद घेऊन मधे उभे होते, आणि फोन अजून चालूच होता.